देव उजव्या हाताला

हल्ली पळणाऱ्यांसाठी विटकरी रंगाची मऊ वाट करतात, तिच्यावर पांढरे पट्टे ओढतात, आणि ती पावसातसुद्धा निसरडी होत नाही, असं नातू सांगतो. मला हसू येतं आणि थोडा रागही येतो. निसरडं नसेल तर पळण्यात राहिलं काय?

मी पळायला शिकलो भातखाचरांच्या बांधावर. आमच्या मावळात सपाट जमीन जेवढी आहे तेवढी भाताची, आणि पावसाळ्यात ती सगळी पाण्याखाली. उरतो तो बांध. वीतभर रुंद, वर शेवाळ, मधेमधे खेकड्यांची बिळं. डावीकडं घसरलं तर आपलं खाचर, उजवीकडं घसरलं तर भावकीचं. आपल्या खाचरात पडलो तर नुसती आई ओरडायची, भावकीच्या खाचरात पडलो तर दोन्ही घरं ओरडायची. त्यामुळं पाऊल कुठं टाकावं हे मला कोणाला शिकवावं लागलं नाही. पुढं चांगल्या चांगल्या पळणाऱ्यांना सपाट मैदानात पाय मुरगळून बसलेलं पाहिलं, तेव्हा मी मनात म्हणायचो, यांना लहानपणी भावकी नसणार.

आमचं गाव लोणावळ्याच्या अलीकडं, पुण्याच्या अंगाला. घरी चार म्हशी होत्या आणि लोणावळ्याच्या बंगल्यांत दुधाचा रतीब होता. सकाळी दोन किटल्या घेऊन मी निघायचो. जाताना चालत, कारण दूध घेऊन पळालं तर पोचेपर्यंत वर लोणी तरंगायला लागतं, आणि तेवढ्यावरून बंगल्यातल्या बाईसाहेब आठवडाभर बोलत. येताना मात्र किटल्या रिकाम्या आणि मी मोकळा. मग मी रुळांच्या कडेनं पळत यायचो, आणि कडेची खडी पायाला फार टोचायला लागली की रुळांच्या मधून.

रुळांखालच्या आडव्या लाकडी स्लीपरवरून पळणं ही एक वेगळीच विद्या आहे. प्रत्येक स्लीपरवर पाय टाकावा तर माणूस नव्या नवरीसारखा चालतो, एक सोडून टाकावा तर ढांग इतकी लांबते की धोतराचा काष्टा निसटतो. मी तिसरी युक्ती काढली होती. दोन ढांगा लांब, एक आखूड. रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचा मुकादम लांबूनच ओरडायचा, "ए दूधवाल्या, गाडीखाली ग्येलास तर आमाला दिसभर तुला गोळा करत बसावं लागंल! हो बाजूला!" मी बाजूला व्हायचो आणि वळण आलं की पुन्हा मधे जायचो.

आणि एक वाट होती लोहगडावर. खाली लोहगडवाडीत माझी मावशी दिलेली. दिवाळीत मी तिच्याकडं गेलो की मावसभाऊ आणि मी गडावर जाऊन विंचूकाट्यावर शर्यत लावायचो. विंचूकाटा म्हणजे गडाची लांबलचक निमुळती सोंड, दोन्ही अंगांना कडा. टोकाला हात लावून परत यायचं. तिथं पुढच्याला ओलांडून जाता येत नाही, म्हणून सगळी शर्यत पहिल्या वीस पावलांत संपायची आणि मग उरलेला वेळ मागचा पुढच्याला शिव्या देत पळायचा. वारा असा की शिव्यासुद्धा मागं उडून जायच्या. मावशीला हे कळलं तेव्हा तिनं आम्हाला दोघांनाही लाटण्यानं बडवलं.

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, पळण्याचं भारी वावडं. ते म्हणायचे, "मानूस दोनदाच पळतो. येक चोरी केल्यावर, न्हाईतर मागं बैल लागल्यावर. तुज्या मागं काय लागलंय?" आबा कमी बोलणारे. एकदा बोलले की त्यावर घरात कोणी बोलायचं नाही. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. एकदा गंजीला आग लागली, तेव्हासुद्धा ते भराभर चालत गेले होते.

पण मला खरं पळायला लावलं ते चाचानं. चाचा म्हणजे वळवणच्या धरणावरचा राखणदार. लोणावळ्याचाच, मुसलमान, पण बोलणं आमच्यासारखंच. तरुणपणी तो टपालाची थैली पाठीवर टाकून डोंगरातल्या वाड्यांना पळत जायचा. धरणाची भिंत म्हणजे मावळातली त्या काळची सगळ्यात सरळ आणि सगळ्यात सपाट वाट, आणि नेमकी तिच्यावर परक्या माणसाला बंदी. एका बाजूला भरलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली खोल झाडी, आणि पायाखाली चिरेबंदी दगड. मला राहवेना. मी भिंतीवर चढलो की चाचा काठी घेऊन मागं लागायचा. पहिल्या दिवशी मी सुटलो. दुसऱ्या दिवशी सुटलो. असा महिनाभर रोज माझ्या मागं धावला तो. एके दिवशी मात्र जागेवरनं उठलाच नाही. पाण्याची पातळी वेळ टाकून लिहायला त्याला एक खिशातलं घड्याळ मिळालं होतं, ते हातात धरून बसला होता. मी दुसऱ्या टोकाला पोचून वळून पाहिलं तर म्हणाला,

"कालच्यापरीस हळू आलास. ताप हाय का?"

तेव्हा मला कळलं की हा इतके दिवस मला पकडत नव्हता, मोजत होता. त्या दिवसापासून चाचा माझा गुरू. त्याचं घड्याळ मागं पडायचं, म्हणून माझी वेळ नेहमीच चांगली यायची, आणि आम्ही दोघंही त्या घड्याळावर खूष होतो.

असं सगळं बरं चाललेलं असताना मुंबईहून मामाचं पत्र आलं. मी चौथीपर्यंत शिकलेला, तेव्हा पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं. मामानं लिहिलं होतं, गिरणीत एक जागा धरून ठेवली आहे, शिमगा झाला की पोराला पाठवून द्या. मी माझीच शिक्षा मोठ्यानं वाचून दाखवली. आबांनी ऐकलं, विडी विझवली आणि म्हणाले, "बरं." एवढंच. आई आत गेली. मी पत्राची घडी घालून कोनाड्यात ठेवली.

मला जायचं नव्हतं. एकदा मामाकडं आठ दिवस राहून आलो होतो. त्याच्या खोलीत नऊ माणसं होती आणि गल्लीत मी दहा पावलं पळालो तर तीन माणसांना धडकलो. मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि या हवेत, या बांधांवर पळत राहावं यापलीकडं मला काही नको होतं. पण हे काय सांगण्यासारखं कारण आहे? पळायला मिळत नाही म्हणून मुंबईला जात नाही, असं आबांना सांगायची माझी छाती नव्हती. चाचाला सांगितलं. मुकादमाला सांगितलं. म्हशींनाही सांगितलं असेल.

सुगी झाली आणि चाचा बातमी घेऊन आला. महाशिवरात्रीच्या सुमाराला लोणावळ्याला रेल्वेच्या मैदानावर शर्यती होणार होत्या. रेल्वेच्या साहेबाला पळण्याचा नाद. त्याला आपल्या इंजिनांच्या शेडसाठी एक लांब पल्ल्याचा पळणारा हवा होता, म्हणून मोठ्या शर्यतीतल्या माणसांतून तो एकाला खलाशी, म्हणजे शेडमध्ये पडेल ते काम करणारा गडी, म्हणून घेणार होता. एकच जागा. पहिला येईल त्यालाच ती मिळणार, असं सगळेच धरून चालले होते.

"आठ फेऱ्यांची शर्यत हाय," चाचा म्हणाला. "गोल."

"म्हंजी कशी गोल?"

"म्हंजी जितनं निघाला तितंच परत यायाचं. आन् तू तर आजवर निस्ता सरळ पळालास. तसाच पळालास तर घाट उतरून खोपोलीला जाशील."

आता मावळात गोल पळायला जागा कुठं शोधायची? सगळी जमीन उतरती नाहीतर पायऱ्यापायऱ्यांची. खळं गोल असतं, पण त्यात पळालो असतो तर मला घेरी आली असती. शेवटी उरला म्हसोबाचा माळ. गावाच्या वर, कातळाचा, पण बऱ्यापैकी सपाट, आणि अगदी मधोमध शेंदूर लावलेला म्हसोबाचा धोंडा. घरातला गवताची गाडी आवळायचा लांब दोर मी गुपचूप काढला. दोराचं टोक देवाला बांधायचं नाही, म्हणून चाचा देवापाशी अदबीनं टोक धरून उभा राहिला, आणि मी दुसरं टोक ताणून राखेची रेघ ओढत गोल फिरलो. झालं आमचं मैदान. जगात इतकं नामी मैदान दुसरं नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

मधे देव, आणि मी त्याच्याभोवती फिरणार. मग कुठल्या अंगानं फिरायचं हा प्रश्न कोणाला पडणार? देव उजव्या हाताला ठेवूनच फिरतात. डाव्या हाताला घेऊन फिरणं हे फक्त मयताला करायचं काम. चाचानंही विचारलं नाही. तो म्हणाला, "तुमचा देव हाय, तुमी जसं फिरता तसा फिर." तीन महिने मी तसा फिरलो. पहाटे रतिबाच्या आधी आणि संध्याकाळी म्हशी बांधल्यावर. वळताना उजवा खांदा आत झुकायचा, डावा पाय लांब पडायचा, आणि शेवटी शेवटी तर मी घरातसुद्धा दारातून उजवीकडंच वळायला लागलो होतो. गावातली माणसं म्हणायची, पोरानं मोठा नवस केलेला दिसतोय. आबांना दोर गायब झाल्याचं कळलं असणारच. पण ते काही बोलले नाहीत, आणि माळाकडं एकदाही फिरकलेले मला दिसले नाहीत.

शर्यतीच्या दिवशी आई म्हणाली, "आबा येनार न्हाईत. त्यास्नी काम हाय." मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? म्हसरं राखणाऱ्या पोरांपासून मुकादमापर्यंत सगळे येणार होते आणि माझा बाप तेवढा नव्हता येणार.

रेल्वेचं मैदान पाहून मी गार पडलो. एवढं सपाट! वर चुन्याच्या पांढऱ्या रेघा, कडेला खुर्च्या, साहेबांसाठी तंबूत चहा. पुण्याचा एक कॉलेजवाला आला होता, त्याच्या बुटांना खाली खिळे होते. मी आणि तो सोडून बाकी दहाबारा जण, कोणी शेडमधले, कोणी आसपासच्या गावचे. आम्हाला आधी एकदा रेघेवर उभं राहून पाहायला सांगितलं. मी जाऊन उभा राहिलो. सगळे हसायला लागले. पाहतो तर बाकी सगळ्यांची तोंडं एकीकडं, आणि माझं एकट्याचं उलटीकडं.

"अरे, इधर!" साहेब म्हणाला. "लेफ्ट हँड अंदर!"

डावा हात आत! तीन महिने उजवा हात आत धरून पळालेला माणूस मी. आणि त्याहून वाईट म्हणजे, मधे देव असताना असं उलटं कसं फिरायचं? मी धावत चाचाकडं गेलो. तोही पांढराफटक पडला होता, पण टपालवाल्याचं डोकं ते. त्यानं मैदानाकडं पाहिलं आणि विचारलं,

"मधी कोन हाय?"

"कुनी न्हाई."

"मग? देव न्हाई तर कुनीकडनं बी पळ की. पाय काय म्हनतील त्ये म्हनू देत, चार फेऱ्यांत वळन लागंल."

बरोबर होतं. माझा जीव भांड्यात पडला. मोठी शर्यत शेवटी होती. लहान शर्यती झाल्या, साहेब लोक चहाला गेले, मैदान मोकळं झालं, आणि मी एका झाडाखाली डावीकडं वळण्याची सवय करत गोल गोल फिरत बसलो. लोक माझ्याकडं पाहत होते.

आणि तेवढ्यात मला आबा दिसले.

मैदानाच्या मधोमध. एकटेच. डोक्याला मुंडासं नव्हतं, ते हातात होतं, आणि त्यात काहीतरी बांधलेलं होतं. ते खाली बसले, मुंडासं सोडलं, आणि आतून शेंदरी गोटा काढून गवतात ठेवला. मी ओळखला. म्हसोबाच्या मोठ्या धोंड्याला टेकून नारळाएवढा एक देव होता, त्याला गावात धाकला म्हसोबा म्हणत. आबांनी तो आणला होता. गावापासून चालत, पोटाशी धरून. त्यांनी त्याला पाणी घातलं, नारळ फोडला, हात जोडले, आणि मग उठून माझ्याकडं आले.

"तितं मधी देव हुता, तवा तुला पळायला येत हुतं," ते म्हणाले. "हितं मधी मोकळंच आसनार. म्हनून आनला."

म्हणजे ते माळावर येत होते. कधी, कुठून पाहत होते, देव जाणे. ज्या माणसानं मला आयुष्यात कधी 'चांगलं केलंस' म्हटलं नाही, तो माणूस माझ्यासाठी देव उचलून घेऊन आला होता. माझे डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी मला हेही कळत होतं की आबांनी आता माझी पुरती वाट लावली आहे. मधे देव बसला होता. आता मी डावा हात आत घेऊन पळणार कसा?

चाचानंच त्यांना सगळं सांगितलं. साहेब उलटं पळायला लावतोय, देवाला डावं घालावं लागेल, आणि न पळावं तर जागा जाईल. आबांचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा मैदानाकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं.

"देव बाहीर काढा की, भाऊ," चाचा म्हणाला.

"बसवल्याला द्येव आपल्या मनानं उटवतात व्हय?" आबा म्हणाले. "त्याला इचारावं लागतंय. माळावरनं उचलताना बी इचारलं हुतं."

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. तांदळाचे दोन दाणे ओले करून देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवायचे आणि वाट पाहायची. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. कधी पटकन पडतो, कधी अर्धा दिवस पडत नाही. तोवर साहेब तंबूतून बाहेर आला होता, त्याच्या हातात पिस्तूल होतं, आणि तो आम्हाला रेघेवर बोलावत होता. आणि इकडं मैदानाच्या मधे आबा मांडी घालून देवापुढं बसलेले. आमच्या गावचे पंचवीसतीस लोक त्यांच्याभोवती गोळा झालेले. साहेबानं विचारलं, ये क्या है? मुकादमानं त्याला काय सांगितलं कोण जाणे, साहेब टोपी काढून उभा राहिला. बहुतेक त्याला वाटलं कोणीतरी मेलं आहे.

दाणे काही हलेनात. शेंदूर ताजा, तेलाचा, दाणा कसला पडतोय? एक मिनिट गेलं. दोन गेली. चाचा घड्याळ पाहत होता. कॉलेजवाला बूट आपटत होता. आबा पुटपुटत होते. मी मनात त्या दाण्याला ज्या शिव्या घातल्या, त्यांबद्दल पुढं मी रीतसर नारळ फोडला आहे.

मैदानाला लागूनच रूळ. घाट चढून आलेली एक मालगाडी, लांबच लांब, धडधडत स्टेशनात शिरायला लागली. जमीन हादरली. आमच्या सगळ्यांच्या पायांना ती थरथर लागली, आणि देवाच्या उजव्या अंगाचा दाणा टपकन गवतात पडला.

"दिला!" आबा ओरडले. "दिला कौल!"

मी पुढं आयुष्यभर रेल्वेत काम केलं, पण त्या मालगाडीइतकी वेळेवर आलेली गाडी दुसरी पाहिली नाही. आबांनी देव उचलला, मैदानाच्या बाहेर, शेवटच्या वळणापाशी नेला आणि मांडीवर घेऊन बसले. जाता जाता मला म्हणाले, "हितं मी बाहीरच्या अंगाला बसतो. तू जाशील तवा द्येव तुज्या उजव्या हातालाच यील." मी हिशेब केला. खरंच की! डावा हात आत म्हणजे उजवा हात बाहेर. आठ फेऱ्यांत आठ वेळा देव उजव्या हाताला. शाळेत न गेलेल्या माणसानं एका मिनिटात सोडवलेलं हे गणित चौथी शिकलेल्या मला सुचलं नव्हतं.

पिस्तूल वाजलं. सरळ वाटेवर मी वाऱ्यासारखा जायचो. वळण आलं की मात्र तीन महिन्यांची सवय उजवा खांदा ओढायची, आणि मी बाहेर बाहेर वाहवत जायचो. कॉलेजवाला आतून, चुन्याच्या रेघेला चिकटून, शिस्तीत पळत होता. दर वळणाला माझी आठदहा पावलं जायची, आणि दर सरळ वाटेवर मी ती परत मिळवायचो. चौथ्या फेरीपर्यंत बाकी सगळे मागं पडले. सहाव्या फेरीला माझ्या छातीत भट्टी पेटली होती. आठव्या फेरीला आम्ही दोघंच, आणि तो माझ्या पुढं.

शेवटचं वळण. मी पुन्हा बाहेर वाहवत चाललो. समोर आबा बसलेले दिसत होते, मांडीवर देव, डोकं उघडं. मी त्यांच्या इतक्या जवळून चाललो होतो की त्यांचे ओठ हललेले मला दिसले. आणि एकदम आबा उठले. त्यांनी धोतर खोचलं, देव काखेत मारला, आणि माझ्या उजव्या हाताला, चुन्याच्या रेघेबाहेरून, पळायला लागले.

माझा बाप पळत होता! पन्नाशीचा माणूस, अनवाणी, काखेत शेंदरी धोंडा. "पळ! पळ रं पोरा! पळ!" सारं मैदान उभं राहिलं होतं. मला हसू फुटलं, रडू फुटलं, आणि त्या दोन्हींमधून कुठून बळ आलं कोण जाणे. शेवटच्या सरळ वाटेवर मी कॉलेजवाल्याला गाठलं, मागं टाकलं आणि फीत छातीवर घेतली. आबा दोन पावलं मागं होते. ते थांबायचं विसरले आणि तसेच पुढं तंबूपर्यंत गेले.

मग व्हायचं तेच झालं. कॉलेजवाल्याच्या मास्तरांनी हरकत घेतली. पळणाऱ्याच्या बाजूनं दुसऱ्यानं पळून जोर द्यायचा नाही, असा नियम होता, आणि नियम म्हटलं तर बरोबर होता. साहेबांनी आपसात बोलून मला बाद केलं. कप कॉलेजवाल्याला गेला. तो चांगला मुलगा होता, माझ्या पाठीवर थाप मारून गेला. मी तंबूबाहेर उभा राहिलो. आता शिमगा आणि मग मुंबई, एवढंच डोक्यात होतं.

साहेबानं मला आत बोलावलं. त्याचं हिंदी माझ्याइतकंच होतं, म्हणून आम्हाला एकमेकांचं बरोबर कळलं. कप नाही, तो म्हणाला. पण ज्याच्याकडं कप आहे त्याला खलाशी व्हायचं नाही, आणि मला हवा आहे तो पळणारा. दर वळणाला बाहेर जाऊन पहिला येतोस, तर आतून पळायला शिकलास म्हणजे काय करशील? सोमवारी शेडमध्ये ये.

मी बाहेर धावत सुटलो. आबा कुठं दिसेनात. शेवटी मैदानाच्या पलीकडं आंब्याखाली बसलेले सापडले. देव पुन्हा मुंडाशात बांधून पुढ्यात ठेवला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी काही सांगायच्या आत तेच बोलायला लागले.

"माज्यामुळं ग्येलं तुजं. मला कळाया पायजे हुतं. पर तू वळनावर सारका बाहीर बाहीर येत हुतास. मला वाटलं, पोरगं माज्याकडंच येतंय. म्हनून उटलो."

मी खाली बसलो.

"द्येवाला मी जिकायचं मागितलंच न्हाई," आबा म्हणाले. "निस्तं म्हनलं, ह्ये पोरगं माज्या नजरंम्होरं ऱ्हाऊ दे. आता जागा ग्येली तर जाऊ दे. हाये त्यात खाऊ. पर मंबईला न्हाई जायाचं तू."

आणि मला, देवाशपथ सांगतो, आनंदाच्या आधी राग आला. तीन महिने मी त्या कातळावर पाय फोडून घेतले, आणि हा माणूस हे एक वाक्य घरात चुलीपुढं बसून बोलू शकला असता!

"आबा, मामाचं पत्र आलं तवाच म्हनायचं की हे! मला कुटं जायाचं हुतं?"

आबांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"आरं, मग त्ये तू कवा बोललास?" ते म्हणाले. "पत्र तर तूच वाचलंस. घडी घालून ठिवून बी दिलंस. मला वाटलं, तुलाच जायाचं आसंल. गावातल्या समद्या पोरांला जायाचंच असतंय."

खरं होतं. चाचाला सांगितलं होतं, मुकादमाला सांगितलं होतं, आणि ज्याला सांगायचं त्याला एकट्याला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी सरकून बसलो आणि त्यांना सोमवारचं सांगितलं.